खारूनच्या पाण्याचे करारमदार

बँकेच्या माणसाला भनपुरी ठाऊक असते ती कॅश क्रेडिट खात्यांमुळे. रायपूर रेल्वे स्थानकापासून उत्तरेकडे बिलासपूरच्या रस्त्याला लागले की हा भाग येतो. मालमोटारींच्या रांगा, गोदामे, वजनकाटे, लहानमोठे कारखाने आणि त्यांच्यामधून वाट काढीत वाढलेली कामगारवस्ती. पुढे उरला, त्यापुढे सिलतरा. तेथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या. या पट्ट्यातून दरमहा शाखेत जी स्टॉक स्टेटमेंट येतात त्यांत लोखंड असते, कोळसा असतो, तांदूळ असतो. ज्या एका जिनसेवाचून यांतले काहीही चालणार नाही तिची नोंद मात्र त्यांत कोठेच आढळत नाही. ती जिन्नस म्हणजे पाणी.

भनपुरीत उभे राहिले तर नदी दृष्टीस पडत नाही. खारून शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणोत्तर वाहते. बालोद जिल्ह्यातील पेटेचुआ गावाजवळ तिचा उगम, आणि रायपूर व दुर्ग या जिल्ह्यांची सीमा आखीत ती उत्तरेला सोमनाथ येथे शिवनाथ नदीला मिळते. नदी तशी लहानच. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून जाते आणि उन्हाळा चढू लागला की तिचे स्वतःचे पाणी आटते. तरीही रायपूर महानगरपालिकेचा पाणीपुरवठा मुख्यतः याच नदीवर अवलंबून आहे. भाटागाव येथे खारूनवर बंधारा आहे. त्यास येथे ‘ॲनिकट’ म्हणतात. मूळ शब्द तमिळ, इंग्रज अभियंत्यांनी तो दक्षिणेतून उचलला आणि देशभर नेला. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरताना बरगे घालून पाणी अडवितात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. ॲनिकटाची भिंत बहुधा कायमची, पूर तिच्या माथ्यावरून वाहून जातो. त्यामुळे मागे साचणाऱ्या गाळाचा प्रश्नही कायमचाच. या बंधाऱ्याच्या फुगवट्यातून पाणी उपसले जाते, रावणभाठा येथे शुद्ध होते आणि तेथून जलवाहिन्यांनी शहरात जाते. ‘भाठा’ म्हणजे येथील बोलीत मुरमाड, तांबडा माळ. दसऱ्याला ज्या माळावर रावण जाळतात त्याच्याच शेजारी शहराची तहान भागविण्याची व्यवस्था असावी, हा योगायोग गमतीचा आहे.

मात्र एप्रिल-मे महिन्यांत भाटागावच्या बंधाऱ्यामागे जे पाणी दिसते ते खारूनचे नसते. ते महानदीचे असते. रायपूरपासून दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर धमतरीजवळ गंगरेल येथे महानदीवर रविशंकर सागर हे धरण आहे. ५ मे १९७२ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि त्याच दशकाच्या अखेरीस ते पूर्ण झाले. सुमारे ३२ टीएमसी पाणी साठविणारा हा जलाशय भिलाईच्या पोलाद कारखान्याला आणि हजारो हेक्टर भातशेतीला पुरतो. त्याच्या पोटात पन्नासावर गावे गेली. त्या गावांची अंगारमोती देवी आता धरणाच्या काठी बसविलेली आहे आणि दिवाळीनंतर विस्थापितांची कुटुंबे तिच्या मडईला आजही जमतात. याच जलाशयातले पाणी कालव्यावाटे खारूनमध्ये सोडले जाते आणि ते रायपूरकरांच्या नळाला येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर उन्हाळ्यात खारून ओव्हरड्राफ्टवर चालते. मंजुरी देणारे खाते जलसंसाधन विभागाचे, आणि उचल करणारी संस्था महानगरपालिका.

रायपूरची नगरपालिका १८६७ सालची, महानगरपालिका १९६७ सालची. नळाचे पाणी शहरात आले १८९२ मध्ये. खारूनचे पाणी उपसून शहरात आणण्याच्या त्या योजनेस राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी मोठी देणगी दिली, म्हणून त्या जलयंत्रालयास त्यांचेच नाव मिळाले. राजनांदगावचे हे संस्थानिक म्हणजे वैष्णव बैरागी महंत. गादी पित्याकडून पुत्राकडे जाण्याऐवजी गुरूकडून शिष्याकडे जाण्याची परंपरा असलेले घराणे. रायपूरचे वस्तुसंग्रहालयही याच घराण्यातील महंत घासीदास यांच्या नावाचे आहे. दुसऱ्या गावच्या राजाने शेजारच्या शहराच्या नळयोजनेला पैसा द्यावा, ही गोष्ट आज जुन्या काळातली वाटते खरी; परंतु त्या काळच्या नगरपालिकांचे उत्पन्न पाहता अशा औदार्यावाचून मोठे काम उभे राहणे कठीणच होते.

नळ येण्यापूर्वी रायपूरचे पाणी म्हणजे तलाव. छत्तीसगडात एखाद्या जुन्या नगरीचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते असे म्हणतात. कोरी म्हणजे वीस, आपल्याकडील ‘कोडी’च, सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६. रतनपूर, आरंग अशा गावांविषयी ही संख्या ऐकू येते. तलाव खोदून झाला की त्याचे लग्न लावायचे, पाण्याच्या मधोमध लाकडी स्तंभ उभारायचा आणि मगच ते पाणी वापरास योग्य मानायचे, अशीही चाल आहे. रायपूरचा बूढा तलाव किल्ल्याच्या बरोबरीचा जुना. १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये तो पूर्वी जवळजवळ एक चौरस मैल पसरला होता आणि बागेसाठी त्याचा विस्तार कमी करण्यात आला, अशी नोंद आहे. म्हणजे तलाव आवळून त्या जागी सुशोभीकरण करण्याची कल्पना आपल्या पिढीची नव्हे! महाराजबंध तलाव मराठ्यांच्या अमदानीतला. त्याच्याजवळचे रामचंद्राचे मंदिर नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजींनी १७७५ मध्ये बांधले, असे त्याच गॅझेटियरवरून कळते. नागपूरच्या गादीचा अंमल येथे शतकभर होता, त्याच्या खुणा शोधणाऱ्या मराठी माणसाने देवळांइतकेच तलावही पाहावेत.

हे तलाव केवळ नळापूर्वीची सोय नव्हते. रायपूरला वर्षाकाठी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अहिल्यानगर-सोलापूरकडील वाचकास हेवा वाटावा इतका. तो बहुतेक सारा चार महिन्यांत येतो. खाली चुनखडीचा खडक आहे. त्यातल्या भेगा व पोकळ्यांतून मुरलेले पाणी विहिरी आणि कूपनलिकांना पोचते, आणि मुरण्याची जागा तलाव पुरवितात. नळ आले तशी तलावांची निगा सुटली. पुढे काही तलाव बुजले, काही घाणीने भरले, आणि तेलीबांधा तलावाच्या काठी आता ‘मरीन ड्राईव्ह’ या नावाने फिरायला जाण्याचा रस्ता आहे. सायंकाळी तेथे गर्दी असते. तलावाची शोभा वाढविण्यावर खर्च करताना त्यात पाणी आणणारे नैसर्गिक ओहोळ खुले आहेत की नाहीत, हे पाहण्याची निकड मात्र स्थानिक संस्थांना तितकीशी वाटत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत रायपूरपुरते मर्यादित नाही.

गंगरेलचे पाणी ज्या कालव्यांच्या जाळ्यातून येते, त्याचा पाया धरणाच्या कितीतरी आधीचा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा ‘धानाचा कटोरा’ रिकामा झाला. त्यानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांचे मनावर घेतले. महानदीवर रुद्री येथे बंधारा झाला, आणि सिल्लारी नदीवर मुरूमसिल्लीचे धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की वक्रनलिकांतून आपोआप बाहेर पडावे, अशी त्याची सांडव्याची रचना आशियात पहिली मानली जाते. अभियांत्रिकी उत्तम होती. तंटा झाला तो करारावरून, आणि तो वृत्तान्त बँकेच्या वाचकांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

धमतरीजवळ कंडेल नावाचे गाव आहे. पाटबंधारे खात्याची इच्छा अशी, की गावाने कालव्याच्या पाण्यासाठी दहा वर्षांचा करार करावा. पाऊस चांगला झाला आणि कालव्याचे पाणी घेतले नाही, तरी पट्टी चुकणार नाही, असा त्याचा अर्थ. गावकऱ्यांनी हिशेब केला. दहा वर्षांत जेवढी रक्कम भरावी लागेल तेवढ्यात गावाचा स्वतःचा मोठा तलाव होतो, असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी करार नाकारला. एवढा नेमका प्रकल्प-अहवाल एखाद्या सल्लागार संस्थेलाही साधेल की नाही, कोण जाणे. ऑगस्ट १९२० मध्ये पावसाने शेते भरलेली असताना गावकऱ्यांनी कालव्याचे पाणी चोरल्याचा ठपका ठेवून गावावर ४०५० रुपयांचा दंड बसविण्यात आला. तो न भरल्याने गुरे जप्त झाली. बाजारांत त्यांचे लिलाव पुकारले गेले, पण बोली लावायला कोणी पुढे येईना. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले या तिघांनी हा सत्याग्रह चालविला. यांपैकी तिसरे नाव मराठी कानाला परके वाटणार नाही. २० डिसेंबर १९२० रोजी महात्मा गांधी रायपूरला आले, अशी येथील इतिहासात नोंद आहे. सरकारने वसुली मागे घेतली आणि गुरे परत केली. मुरूमसिल्लीच्या जलाशयाला आता बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचे नाव दिलेले आहे.

कंडेलच्या लोकांचा कालव्याला विरोध नव्हता. ‘घ्या वा घेऊ नका, पैसे मात्र द्या’ या अटीला होता. नेमकी हीच अट अठ्ठ्याहत्तर वर्षांनी याच प्रदेशात एका नव्या करारपत्रात पुन्हा लिहिली गेली, आणि या वेळी ती सरकारी संस्थेने स्वतःवर बांधून घेतली.

भनपुरीपासून पश्चिमेला दुर्गकडे गेले की शिवनाथ नदी लागते. हिचा उगम आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील कोटगूल परिसरात असल्याचे एक मत आहे. खारून पुढे ज्या नदीला मिळते ती हीच. दुर्गजवळ बोरई येथे औद्योगिक केंद्र उभारले जात होते आणि तेथील कारखान्यांना पाणी हवे होते. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता. ५ ऑक्टोबर १९९८ रोजी मध्य प्रदेश औद्योगिक केंद्र विकास निगमाने, म्हणजे रायपूरच्या सरकारी महामंडळाने, रेडियस वॉटर लिमिटेड या खासगी कंपनीशी करार केला. बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि मुदतीअंती हस्तांतरित करा, अशा पद्धतीचा हा करार २२ वर्षांचा होता. कंपनीने नदीवर बंधारा बांधावा, रोज ३ कोटी लिटरपर्यंत पाणी पुरविण्याची क्षमता ठेवावी. निगमाने आपली तेथील आधीची यंत्रणा नाममात्र एक रुपया भाड्याने कंपनीकडे द्यावी. आणि उचल कितीही असो, रोज किमान ४० लाख लिटरांचे पैसे निगमाने चुकते करावेत. मूळ दर घनमीटरला १२ रुपये ६० पैसे. आकडेमोड सोपी आहे. ४० लाख लिटर म्हणजे ४००० घनमीटर. दिवसाला ५०,४०० रुपये, वर्षाला सुमारे १ कोटी ८४ लाख. कारखाने अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, पाण्याची मागणी त्या किमान पातळीपर्यंत पोचली नाही, पण देणे चालू राहिले.

कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याला येथे एक प्रश्न सुचल्यावाचून राहणार नाही. मागणीचा अंदाज चुकला तर तोटा कोणाचा, याचे उत्तर करारात होते. ते सर्वस्वी निगमाच्या बाजूला होते. प्रकल्पात खासगी भांडवल आले, जोखीम मात्र सरकारी तिजोरीकडेच राहिली. खासगी सहभागाला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु असा करार एखाद्या ग्राहकाने आपल्यासमोर ठेवला असता तर आपण त्यावर सही करण्यापूर्वी त्याला पुन्हा विचार करण्यास सांगितले असते.

त्याहून मोठा प्रश्न नदीकाठच्या लोकांचा होता. सुमारे साडेतेवीस किलोमीटरच्या पात्रावर कंपनीचा हक्क मानला जाऊ लागला. मासेमारी करणाऱ्यांना आणि काठाने भाजीपाला पिकविणाऱ्यांना अटकाव होऊ लागला, तेव्हा ‘नदी विकली’ अशी हाकाटी झाली आणि आंदोलन देशभर गाजले. नदी कोणी विकली नव्हती. पण पात्रातून पाणी घेण्याच्या परवानगीत काठच्या गावांचे हक्क राखून ठेवलेले नसतील, तर परिणाम विक्रीसारखाच होतो. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि हा करार त्याला वारशाने मिळाला. २००३ मध्ये तो रद्द करण्याची घोषणा झाली, तरी व्यवहार थांबला नाही. मार्च २००७ मध्ये विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची आणि संबंधितांवर कारवाईची शिफारस केली.

या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडले, आणि त्यात नगरपालिकांकडे सोपविता येणाऱ्या कामांच्या यादीत घरगुती, औद्योगिक आणि व्यापारी उपयोगासाठी पाणीपुरवठा हे काम स्पष्टपणे लिहिलेले आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात लघुपाटबंधारे व जलव्यवस्थापन आहे. शिवनाथच्या करारावर सही झाली ती ही तरतूद अमलात आल्यानंतर पाच वर्षांनी. परंतु त्या करारपत्रात एक पक्ष औद्योगिक महामंडळ, दुसरा कंपनी. ज्यांच्या शिवारातून नदी जाते त्या ग्रामपंचायती कराराचा पक्षच नव्हत्या. खानदेशातील फड पद्धतीत पांझरा, मोसम अशा नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी वाटण्याचे नियम शेतकऱ्यांनीच केले, पाटकरी त्यांनीच नेमले आणि टंचाईच्या वर्षी कोणत्या फडाला पाणी कमी द्यावयाचे हेही त्यांनीच ठरविले. ती व्यवस्था शतकानुशतके टिकली, याचे कारण बंधाऱ्याच्या दगडांत कमी आणि त्या बैठकीत अधिक आहे.

आता पुन्हा भनपुरीकडे. पाणी येण्याची बाजू झाली. जाण्याची बाजू राहिली. रायपूरच्या उत्तर भागाचे सांडपाणी छोकरा नाल्याने खारूनकडे जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांत छत्तीसगडचे पाच होते आणि खारून त्यांपैकी एक. कार्तिकी पौर्णिमेला महादेव घाटावर मोठी जत्रा भरते. पहाटे हजारो लोक त्या पाण्यात स्नान करतात. पंचगंगेच्या काठच्या वाचकांस हे चित्र अनोळखी नाही. त्यानंतर चंदनीडीह येथे ७५, निमोरा येथे ९० आणि कारा येथे ३५ दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्यात आली. भाटागावचे छोटे केंद्र धरून ही क्षमता दोनशे दशलक्ष लिटरांच्या वर जाते. केंद्र बांधणे आणि प्रत्येक नाला त्या केंद्रापर्यंत वळविणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याचे उद्घाटन होते. दुसरे वर्षानुवर्षे चालते आणि त्याची वीज, माणसे, दुरुस्ती यांचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकातून दरसाल काढावा लागतो.

येथे नागपूरचे उदाहरण उपयोगी पडेल. नागपूर महानगरपालिकेने भांडेवाडीचे सांडपाणी महाजेनकोला देण्याचा करार केला. त्यानुसार १३० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे नेण्याची योजना झाली आणि पालिकेला त्यापोटी वार्षिक १५ कोटी रुपये मिळावयाचे ठरले. जे पाणी नदीत सोडले असते तर उपद्रव झाला असता, त्याचे मोल आले. वीज केंद्राने धरणातून जे पाणी उचलले असते ते शहरासाठी राहिले. उरला-सिलतरा पट्टा रायपूरच्या उत्तरेस आहे आणि निमोरा व काराची केंद्रे त्याच बाजूची. लोखंडाच्या भट्टीला आणि शीतकरणाला पिण्याच्या दर्जाचे पाणी लागत नाही. भनपुरीतील कारखानदार पाण्यासाठी कूपनलिका आणखी खोल नेण्याचा खर्च करतो आहे की शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा पुरवठा करार त्याच्या हाती आहे, हे कर्ज मंजूर करताना विचारले जावे. अर्थात त्या करारातही किमान उचलीची अट किती, दर कोण वाढविणार आणि केंद्र बंद पडले तर भरपाई कोणाची, हे कंडेलच्या गावकऱ्यांच्या चिकाटीने वाचावे लागेल.

खारूनचे पाणी सोमनाथला शिवनाथेत मिसळते. शिवनाथ पुढे शिवरीनारायणच्या वरच्या अंगाला महानदीला मिळते. गंगरेलहून उचललेले पाणी रायपूर, भनपुरी, दुर्गची सीमा असा वळसा घालून अशा रीतीने मूळ खात्यात परत येते, जेवढे आणि जसे उरले असेल तसे. तेथून ते १९५७ मध्ये सुरू झालेल्या हिराकुड धरणात जाते. महानदीच्या पाण्यावरून ओडिशा व छत्तीसगड यांच्यात निर्माण झालेला वाद सोडविण्यासाठी मार्च २०१८ मध्ये न्यायाधिकरण नेमण्यात आले. त्यापुढे दोन्ही राज्ये जे पाणी मोजून मांडतात, त्यात छोकरा नाल्यातून खारूनला गेलेले पाणीही येतेच.